दोन गाद्यांवर बसलेले शहाजी महाराज आणि नव्या राजवाड्यातल्या बंदुका

कोल्हापुरात अंबाबाईचं दर्शन झालं की पर्यटकांच्या गाड्या नव्या राजवाड्याकडे वळतात. आतल्या म्युझियममध्ये पेंढा भरलेले वाघ, तलवारी आणि जुन्या बंदुका आहेत. बंदुकांपाशी पोरं हमखास रेंगाळतात.

हे म्युझियम ज्यांच्या नावाने आहे ते शहाजी छत्रपती महाराज मूळचे कोल्हापूरचे नव्हते. जन्म १९१० चा, नाव विक्रमसिंह पवार, घराणं देवास थोरल्या पातीचं. आई अक्कासाहेब म्हणजे राजर्षी शाहूंची लेक. वडील तुकोजीराव संस्थान सोडून पाँडिचेरीला गेले आणि १९३७ मध्ये तिथंच वारले. विक्रमसिंह देवासचे राजे झाले.

इकडे कोल्हापूरचे राजाराम महाराज १९४० मध्ये गेले. दत्तक घेतलेला बालराजाही १९४६ मध्ये दगावला. शेवटी १९४७ मध्ये विक्रमसिंह आजोळी दत्तक आले, शहाजी झाले. देवासची गादी मुलाकडे गेली.

पण राज्य लाभलं जेमतेम दोन वर्षं. १ मार्च १९४९ ला कोल्हापूर मुंबई राज्यात विलीन झालं. संस्थानची राजाराम रायफल्स पलटण भारतीय लष्करात गेली. १९७१ मध्ये तनखे बंद झाले. महाराजांना नाद शिकारीचा, तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याने वाघाची शिकारही संपली. लढाई नाही, शिकार नाही. बंदुकांना उरलं फक्त काचेचं कपाट.

मग अशी बंदूक विकत मिळते का? अमेरिकेत लष्कराने मोडीत काढलेली रायफल शौकीन विकत घेतात, आपल्या इशापूर कारखान्यात बनलेलीसुद्धा. भारतात .३०३ हा प्रतिबंधित बोअर, म्हणून नागरिकांच्या रायफली .३१५ च्या. १९५९ च्या शस्त्र कायद्यातून सूट आहे ती दुरुस्त करूनही झाडता येणार नाही अशा जुनाट हत्याराला. झाडता येणारी असेल तर ती आजोबांची असली तरी परवाना हवाच. अनेक घरांत माळ्यावरची बंदूक इथंच अडचणीत आणते.

जपणंही सोपं नाही. ठासणीच्या बंदुकीत काळ्या दारूची काजळी राहिली की ती ओल खेचते, आणि कोल्हापूरचा पाऊस काही विचारून येत नाही. नळी कोरडी पुसून तेलाचा हलका हात, लाकडी दस्त्याला थोडं जवसाचं तेल. चामड्याच्या खोळीत कायमची ठेवायची नाही, आत गंज धरतो. आणि हौसेने घासून चकचकीत तर मुळीच करायची नाही. त्यात जुना रंग आणि कारखान्याचे शिक्के जातात, मग बंदूक कुठली आणि कधीची हे सांगणारं काहीच उरत नाही.

शहाजी महाराज १९८३ मध्ये गेले.