ढाक्याहून निघालेला विद्यार्थी: फजलूर रहमान खान

हजला जाऊन आलेल्या अनेकांनी जेद्दा विमानतळावरचं तंबूंसारखं पांढरं छप्पर पाहिलं असेल. ते उभारण्यामागचे इंजिनिअर होते फजलूर रहमान खान.

जन्म ३ एप्रिल १९२९ चा. वडील गणिताचे शिक्षक. ढाक्यात इंजिनिअर होऊन १९५२ मध्ये ते फुलब्राइट शिष्यवृत्तीवर अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात गेले. तीन वर्षांत दोन मास्टर्स आणि पीएचडी!

पुढे शिकागोत त्यांनी उंच इमारतींचं गणितच बदललं. वाऱ्याचा जोर झेलायला बाहेरच्या भिंतीच नळीसारख्या मजबूत केल्या. स्टील कमी लागलं, उंची वाढली. ११० मजली सिअर्स टॉवर याच पद्धतीचा. वीसेक वर्षं तो जगात सर्वांत उंच होता.

पण मायभूमीला ते विसरले नाहीत. १९७१ मध्ये बांगलादेशसाठी त्यांनी शिकागोतून मदत उभी केली.

हज टर्मिनलच्या त्या छपराखाली बाजू मोकळ्या आहेत. गरम हवा वरून निघून जाते, हाजींना सावली मिळते. २७ मार्च १९८२ ला जेद्दातच त्यांचा इंतकाल झाला. वय अवघं ५२.

फुलब्राइट आजही भारतीय विद्यार्थ्यांना मिळते. घरातली मुलं-मुली परदेशी शिष्यवृत्तीचं बोलली, तर लगेच नाही म्हणू नका. एका शिष्यवृत्तीचं इल्म लाखो हाजींच्या सावलीपर्यंत पोचलं.