साने गुरुजी आणि म्हातारीची मोळी

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणात पालगड येथे झाला. घरची खोती होती, पण कर्जापायी सारं गेलं. गरिबीत शिकून ते एम. ए. झाले. १९२४ साली अमळनेरला शिक्षक झाले. वसतिगृहातील मुलांसाठी ते हाताने लिहून ‘छात्रालय’ दैनिक काढीत, अगदी आपल्या भित्तिपत्रिकेसारखं!

१९३३ साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिले. त्यात एका म्हातारीची लाकडाची मोळी पडते. ती अस्पृश्य मानलेल्या जातीची. तरी आई श्यामला मोळी उचलून द्यायला पाठवते. हे वाचताना मोळीचं ओझं माझ्याच मानेवर आहे, असं मला वाटलं.

मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून गुरुजींनी उपोषण केले. मंदिर खुले झाले. ११ जून १९५० रोजी ते वारले.

पाहुणे आले की विचारतात, पगार किती, जमीन किती? गोष्ट मात्र विचारते, त्या म्हातारीला काय वाटलं असेल? हा प्रश्न बाजारात विकत मिळत नाही.

म्हणून मित्रांनो, गोष्टी वाचा. आणि वाटेत कुणाची मोळी पडलेली दिसली, तर हात लावा.