सी भाषेचे जनक डेनिस रिची

सी भाषेचे जनक डेनिस रिची यांचा जन्म ९ सप्टेंबर १९४१ रोजी न्यू यॉर्क राज्यातील ब्रॉन्क्सव्हिल येथे झाला. वडील ॲलिस्टर हे बेल प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ होते. हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्र व उपयोजित गणिताचे शिक्षण घेऊन डेनिसही १९६७ मध्ये त्याच प्रयोगशाळेत रुजू झाले. डॉक्टरेटसाठी त्यांनी प्रबंध लिहिला. पदवी मात्र कधीच पदरात पडली नाही.

१९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेने ‘मल्टिक्स’ या महत्त्वाकांक्षी प्रकल्पातून अंग काढून घेतले. त्यानंतर केन थॉम्पसन यांनी पीडीपी-७ या छोट्या संगणकावर नव्या प्रणालीची उभारणी सुरू केली. रिची त्यांचे प्रमुख सहकारी होते. हीच प्रणाली पुढे युनिक्स म्हणून ओळखली गेली. तिच्यासाठी रिची यांनी सी भाषा घडविली आणि १९७३ मध्ये युनिक्सचा गाभा या भाषेत नव्याने लिहिला गेला. त्यामुळे एका यंत्राशी जखडलेली प्रणाली दुसऱ्या यंत्रावर नेणे सुकर झाले.

यंत्रसामग्रीलाही फाइलप्रमाणे नाव देणे, हे युनिक्सचे वैशिष्ट्य. त्या काळी संगणकाशी संवाद साधण्यासाठी टेलिटाइप हे टंकयंत्र वापरले जाई. चालू प्रोग्रॅम ज्या टर्मिनलशी बांधलेला असतो, ते त्याचे नियंत्रक टर्मिनल. काम मध्येच थांबविण्याचा इशारा तेथूनच येतो. ‘डेव्ह’ या निर्देशिकेतील ‘टीटीवाय’ ही फाइल म्हणजे या टर्मिनलचे सर्वांसाठी समान असलेले नाव. प्रोग्रॅमचे उत्तर अन्यत्र वळविलेले असले, तरी ही फाइल उघडून समोरच्या व्यक्तीला थेट पासवर्ड विचारता येतो. हे नाव कळविणारे ‘सीटर्मआयडी’ हे फंक्शन पुढे सीच्या युनिक्स लायब्ररीत आले. प्रत्यक्ष टर्मिनलचे नाव हवे असल्यास ‘टीटीवायनेम’ उपयोगी पडते.

ब्रायन कर्निगन यांच्यासह रिची यांनी लिहिलेला सी भाषेवरील ग्रंथ १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला. १९८३ मध्ये थॉम्पसन व रिची यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. २००७ मध्ये रिची निवृत्त झाले.

ऑक्टोबर २०११ मध्ये न्यू जर्सीतील राहत्या घरी त्यांचे निधन झाले. त्याच महिन्यात स्टीव्ह जॉब्स यांना अवघ्या जगाने निरोप दिला होता. रिची यांच्या जाण्याची दखल त्यामानाने फार थोड्यांनी घेतली. टेलिटाइप यंत्रे केव्हाच कालबाह्य झाली. लिनक्स आणि मॅकच्या संगणकांत मात्र ‘टीटीवाय’ हे नाव आजही टिकून आहे.