अल्बर्ट एलिस : बोलण्यातून झालेले उपचार पुढेही का टिकतात?

मानसोपचार म्हणजे गोळ्या, असा अनेकांचा समज असतो. पण संवादातून केले जाणारे उपचारही असतात आणि त्यांचा गुण पुढेही टिकू शकतो. तो का टिकतो, हे अल्बर्ट एलिस यांच्या आयुष्यातून समजते.

एलिस यांचा जन्म २७ सप्टेंबर १९१३ रोजी अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे झाला. लहानपणी मूत्रपिंडाच्या विकारामुळे त्यांना वारंवार रुग्णालयात राहावे लागले. आईवडील क्वचितच भेटायला येत. स्वभाव कमालीचा लाजरा. मुलींशी बोलण्याची तर भीतीच. १९व्या वर्षी त्यांनी स्वतःवरच प्रयोग केला. न्यूयॉर्कमधील ब्रॉंक्स वनस्पती उद्यानात बाकावर एकटी बसलेली स्त्री दिसली की शेजारी बसून बोलायचे. महिनाभरात ते सुमारे १०० जणींशी बोलले. पुन्हा भेटायला एकच तयार झाली आणि तीही आली नाही. पण नकार मिळाल्याने आपले काही बिघडत नाही हे त्यांना कळले आणि भीती ओसरली.

१९४७ मध्ये कोलंबिया विद्यापीठातून पीएच.डी. मिळवल्यावर त्यांनी फ्रॉइडप्रणीत मनोविश्लेषणाचे प्रशिक्षण घेतले. मात्र भूतकाळ उकरत बसल्याने रुग्णांना लवकर गुण येत नाही, असे त्यांना दिसले. १९५५ मध्ये त्यांनी स्वतःची पद्धत मांडली. मराठीत ती विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणून ओळखली जाते.

एक कल्पित उदाहरण घेऊ. उल्हासनगर कॅम्प ५ मधील एका जीन्स कारखानदाराची मोठी ऑर्डर रद्द झाली. वाईट वाटणे साहजिकच. पण ‘मला अपयश येताच कामा नये, आले म्हणजे मी कुचकामी’ असे तो मानू लागला, तर झोप उडते, माणसे टाळली जातात. एलिस यांच्या मते घटना आणि त्रास यांच्यामध्ये हा हट्टी समज उभा असतो. उपचारक तो शोधायला, त्याला पुरावा मागायला आणि बदलायला शिकवतो. शिवाय घरी करायचा सरावही देतो. हे कौशल्य पुढच्या संकटातही हाताशी राहते. म्हणूनच गुण टिकतो. नैराश्यावरील अभ्यासांतही विचार बदलायला शिकवणाऱ्या उपचारांनी आजार उलटण्याची शक्यता कमी होते, असे आढळले आहे. अर्थात, प्रत्येकाला सारखाच गुण येत नाही आणि चालू औषधे डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत.

१९५९ मध्ये एलिस यांनी न्यूयॉर्कमध्ये संस्था स्थापन केली. तिथे शुक्रवारी संध्याकाळी लोकांसमोरच समुपदेशनाची प्रात्यक्षिके होत. २४ जुलै २००७ रोजी त्यांचे निधन झाले.

महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी ही पद्धत रुजवली. अंजली जोशी यांच्या ‘मी अल्बर्ट एलिस’ या कादंबरीने ती वाचकांपर्यंत नेली. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या आयपीएच संस्थेतही ती वापरली जाते. बागेतल्या बाकावर सुरू झालेला तो प्रयोग आज कॅम्प ५ पासून लोकलने तासाभराच्या आत गाठता येतो.