हरण्यासाठी आलेला राक्षस

सुरतेत उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेली हजारो मराठी कुटुंबं राहतात. त्यांच्या घरांत पोरगं फार मस्ती करायला लागलं, की स्वतःला दारासिंग समजतो का, असं अजूनही कुणीतरी विचारतंच. दारासिंग म्हणजे ताकद, हे आपल्या भाषेत कायमचं बसलं आहे. पण ही ताकद लोकांना दिसली कशी? समोर कुणीतरी अवाढव्य माणूस उभा होता आणि तो पडला, म्हणून दिसली. त्या पडणाऱ्या माणसाचं नाव किंग काँग, आणि हा लेख त्याच्याबद्दल आहे.

खरं नाव एमिल त्साया. जन्म 1909 चा, तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीत आणि आज रोमानियात असलेल्या ब्राशोव्ह शहरातला. पुढे तो आशियात आला आणि सिंगापूरचाच होऊन राहिला. आडनाव कसं उच्चारायचं, हा प्रश्न आपल्या प्रेक्षकांना कधी पडलाच नाही, कारण रिंगमध्ये ते नाव नव्हतंच. 1933 च्या हॉलिवूडपटाने जगभर गाजवलेल्या त्या महाकाय वानराचं नाव याला चिकटलं आणि मरेपर्यंत सुटलं नाही.

वजन दीडशे किलोच्या कितीतरी पुढे. दाढी वाढवलेली, मान जवळपास दिसतच नाही, आणि पोट असं की मल्ल आणि पोट हे दोन वेगळे प्रतिस्पर्धी वाटावेत. तो खूप खातो, डझनावारी अंडी एका बैठकीत संपवतो, अशा गोष्टी लढतीच्या आधीच शहरभर पसरायच्या. त्या कितपत खऱ्या, हा मुद्दाच नाही. त्या जाहिरातीचा भाग होत्या.

लढायची पद्धतही याच शरीराला शोभेल अशी. आपल्या तालमीत तयार झालेला पैलवान हौद्यात उतरला की लाल माती कपाळाला लावतो, खडाखडी होते, मग ढाक, कलाजंग, धोबीपछाड असे डाव पडतात. किंग काँगकडे यातलं नाजूक काही नाही. तो यायचा तोच गुरगुरत, प्रेक्षकांना चिडवत. समोरच्याला पोटाने ढकलायचं, दोऱ्यांवर दाबून धरायचं, आणि शेवटी खाली पाडून अंगावर सगळ्या वजनानिशी झेप घ्यायची. लोक किंचाळायचे. आता खालचा माणूस संपला, असंच वाटायचं.

पण तो संपत नसे! आणि माझ्या मते किंग काँगचं खरं कसब नेमकं इथे होतं. एवढं वजन दुसऱ्याच्या छातीवर टाकायचं आणि त्याच्या बरगड्या शाबूत ठेवायच्या, तर पडताना भार स्वतःच्या हातांवर आणि गुडघ्यांवर घ्यावा लागतो, तोही शेवटच्या रांगेला कळू न देता. दारासिंग त्याला उचलून आपटतो तेव्हाही तेच. एवढा माणूस अंग ढिलं सोडून आडवा झाला, तर त्याला उचलणं दारासिंगलाही जड गेलं असतं. उचलला जाणाराही थोडी उसळी घेतो, तोल सांभाळतो, मग पाठीवर पडून मार सोसतो. टाळ्या मात्र उचलणाऱ्याला.

म्हणजे सगळं खोटंच ना? हा प्रश्न येणारच, आणि महाराष्ट्रात तर जास्तच जोरात. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी 1952 मध्ये हेलसिंकीला 57 किलो गटात कांस्यपदक मिळवलं, ती कुस्ती खरी. निकाल आधी ठरवलेल्या कुस्तीला आपल्याकडे नूरा कुस्ती म्हणतात, आणि ती शिवीच आहे. व्यावसायिक फ्री-स्टाइल मुळातच प्रयोग म्हणून उभी राहिली, हे मान्य करूनच तिच्याकडे बघायला हवं. आमच्या थिअरीच्या पेपरात नाव घेतात त्या रोलाँ बार्थने 1957 च्या ‘मिथॉलॉजीज’मध्ये पहिलाच लेख या कुस्तीवर लिहिला आणि तिला खेळापेक्षा नाटकाच्या जवळ नेऊन ठेवलं. आपल्याला त्यासाठी पॅरिसला जायची गरज नाही म्हणा. दशावतारात संकासुर मरणार, हे कोकणातलं शेंबडं पोरही जाणतं, तरी रात्रभर बसतं. गल्याथ नऊ फुटी नसता, तर दावीदाच्या गोफणीची गोष्ट कुणी सांगितली असती?

किंग काँगच्या गोष्टीत सुरत येते ती बाबूभाई मिस्त्रींमुळे. ते जन्माने सुरतेचे. 1937 च्या ‘ख्वाब की दुनिया’त त्यांनी काळ्या पडद्यासमोर काळ्या दोऱ्याने वस्तू हवेत हलवल्या आणि तेव्हापासून इंडस्ट्रीत ‘काला धागा’ हे नाव मिळवलं. याच बाबूभाईंनी 1962 मध्ये ‘किंग काँग’ नावाचा चित्रपट दिग्दर्शित केला. नायक दारासिंग, नायिका कुमकुम आणि दारासिंगशी झुंजायला आपला हा खराखुरा किंग काँग. हॉलिवूडच्या वानराशी गोष्टीचा संबंध नावापुरताच. काळ्या दोऱ्याच्या कारागिराला हा माणूस लगेच कळला असणार असं मला उगाच वाटतं. दोघांचंही काम दिसू नये यातच त्यांचं यश होतं.

आणि हे काम त्याने एकट्या दारासिंगसाठी केलं नाही. 1955 च्या नोव्हेंबरात टोकियोत रिकिदोझानने आशियाई हेवीवेट किताब जिंकला, तोही किंग काँगला हरवूनच. युद्धात हरलेल्या जपानला त्या काळी परदेशी दांडग्याला लोळवणारा आपला माणूस हवा होता. नव्याने स्वतंत्र झालेल्या भारतालाही तसाच कुणीतरी हवा होता. दोन देशांना त्यांचा नायक मिळाला आणि दोन्हीकडे समोर हाच, हंगेरीचा एमिल. नायक आपापल्या घरी, आपल्या भाषेत राहिले. हा मात्र गावोगाव परका म्हणूनच गेला. परका दिसणं हाच त्याचा पोटापाण्याचा धंदा होता.

साठीला आला तरी तो रिंगमध्ये उतरत होता. 1970 च्या मे महिन्यात मलेशियातून सिंगापूरला परतताना जोहोर भागात त्याच्या मोटारीला अपघात झाला आणि त्या जखमांनीच तो सिंगापूरमध्ये गेला. इकडे दारासिंग पुढे टीव्हीवर हनुमान झाला आणि घराघरांत पोचला, ते किंग काँगने पाहिलं नाही.