भास्कराचार्य आणि पाटणचा मठ

थोर पुरुषांची चरित्रे आपण आपल्या मुलांस सांगतो, तेव्हा त्यांच्या बुद्धीचे वर्णन पुष्कळ करतो. परंतु ती विद्या पुढील पिढीच्या हाती कशी पोहोचली, हे सांगण्यास विसरतो. गणितशास्त्राचे थोर आचार्य गणले जाणारे भास्कराचार्य यांचे चरित्र या दृष्टीने मोठे उद्बोधक आहे.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ म्हणजे इ. स. १११४ मध्ये झाला. सह्याद्रीच्या आश्रयाने वसलेले विज्जडविड हे आपले गाव, असे त्यांनी स्वतःच नमूद केले आहे. पिता महेश्वर हे ज्योतिषी व विद्वान असून तेच त्यांचे गुरू होते. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, इ. स. ११५० मध्ये, आचार्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणि’ हा ग्रंथ सिद्ध केला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित व गोलाध्याय असे त्याचे चार भाग आहेत. पुढे एकोणसत्तराव्या वर्षी, इ. स. ११८३ मध्ये, त्यांनी ‘करणकुतूहल’ लिहिले. विद्येच्या सेवेस वार्धक्य आड येत नाही, हे यावरून दिसते.

लीलावती ही त्यांची कन्या होती व तिच्या लग्नाचा मुहूर्त घटिकापात्रात मोती पडल्याने चुकला, ही कथा प्रसिद्ध आहे. ती फैजीच्या फारसी भाषांतरामुळे पसरली. आचार्यांच्या ग्रंथात ती नाही. ग्रंथातील उदाहरणे मात्र कथेहून गोड आहेत. बत्तीस हात उंचीचा वेळू वाऱ्याने मोडला व त्याचा शेंडा बुंध्यापासून सोळा हातांवर टेकला, तर तो किती उंचीवर मोडला? उत्तर बारा हात. आम्ही फळ्यावर भूमितीचे आकडे मांडीत आयुष्य वेचले. परंतु रुक्ष सिद्धान्त इतका सजीव करून सांगण्याची हातोटी आम्हांस अन्यत्र क्वचितच आढळली.

त्यांची खरी झेप बीजगणितात दिसते. ज्या पूर्णांकाच्या वर्गास ६१ ने गुणून १ मिळविला असता पुन्हा पूर्ण वर्गच येतो, असा अंक कोणता? जयदेव या पूर्वसूरीस ठाऊक असलेल्या चक्रवाल रीतीने आचार्यांनी तो काढला. तो आहे २२,६१,५३,९८०! हाच ६१ चा प्रश्न फेर्मा या फ्रेंच गणितज्ञाने इ. स. १६५७ मध्ये आपल्या समकालीनांस घातला, तेव्हा आचार्यांच्या ग्रंथास पाच शतके होऊन गेली होती.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. आचार्यांचे पुत्र लक्ष्मीधर यांस यादव राजा जैत्रपाल याने आपल्या दरबारी नेले. नातू चांगदेव हे सिंघण राजाचे ज्योतिषी झाले. या नातवाने आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन अखंड चालावे म्हणून चाळीसगावजवळील पाटण येथे मठ स्थापिला. निकुंभ घराण्यातील सोइदेव राजाने त्यास इ. स. १२०७ मध्ये दान दिले. तेथील भवानीच्या देवळातील शिलालेखात हा वृत्तान्त कोरलेला असून डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात विद्वानांपुढे आणला. लेखाचा काही भाग आपल्या जुन्या मराठीत आहे. बाजारातील मालावरील कराचा अंश आणि प्रत्येक घाण्यामागे पळीभर तेल मठास द्यावे, असे त्यात नोंदले आहे.

वाचकहो, त्या पळीभर तेलाचे मोल आम्हांस मोठे वाटते. आपल्या हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथाचे मंदिर यादवकालीन म्हणून ओळखले जाते. त्याची शिल्पे पाहून आपण त्या काळाचा अभिमान बाळगतो. परंतु त्याच काळी एका नगराने गणिताच्या अध्ययनासाठी घाण्याघाण्यातून तेल वेगळे काढले, याचा अभिमान त्याहून अधिक असावा. पुढे लीलावतीचे फारसी भाषांतर १५८७ मध्ये अकबराच्या आज्ञेवरून झाले, आणि १८१७ मध्ये कोलब्रुक साहेबाने तिचे व बीजगणिताचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. विद्या सर्वांची झाली, ती कोणा एका कुळाची अथवा ज्ञातीची उरली नाही.

म्हणून आचार्य कोणत्या ज्ञातीचे, हा प्रश्न आम्ही येथे काढीत नाही. आपल्या ज्ञातीतील होतकरू मुलामुलींची वही, पुस्तक व फी अडून राहू नये, एवढेच आमचे मागणे आहे. राजाचे दान थोडे जण देऊ शकतील; पळीभर तेल मात्र प्रत्येक घरातून निघू शकेल.