रात्री दोनचा दिवा

बाबासाहेब पहाटे उठून अभ्यास करायचे, मग तुला काय होतं उठायला, असं आपल्या वस्तीत घरोघरी मुलांना ऐकवलं जातं. आम्हीही ऐकवतो. पण बाबासाहेबांना उठवत कोण होतं, हे आपण सांगायचं विसरतो. विहाराच्या वर्धापन दिनाच्या या अंकात तेवढंच सांगावं म्हणून हा लेखनप्रपंच.

परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. आई भीमाबाई त्यांच्या लहानपणीच गेल्या. वडील सुभेदार रामजी हे लष्करातल्या शाळेत शिक्षक राहिलेले, कबीरपंथी. पुढे हे कुटुंब साताऱ्याहून मुंबईला आलं आणि परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहू लागलं. स्वयंपाक तिथंच, झोपणं तिथंच, लाकूडफाटाही तिथंच. उशाला जातं, पायाशी शेळी. दिवसा गिरणगावचा गलका. अशा खोलीत एल्फिन्स्टन हायस्कूलच्या विद्यार्थ्याने पुस्तक उघडायचं तरी कधी?

सुभेदारांनी यावर तोड काढली. भीमरावांना लवकर झोपवायचं, स्वतः रात्री दोन वाजेपर्यंत जागत बसायचं, मग मुलाला उठवून आपण आडवं व्हायचं. रॉकेलच्या दिव्यापाशी भीमराव पहाटेपर्यंत वाचत. पुस्तकासाठी पैसे नसले तर सुभेदार लग्न झालेल्या मुलींकडे जात, त्यांचा दागिना मागून गहाण टाकत आणि पेन्शन आली की सोडवून परत देत. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले, त्यात बापाची झोप आणि बहिणींचे दागिने होते.

१९१२ साली ते बी. ए. झाले. २ फेब्रुवारी १९१३ रोजी सुभेदार वारले आणि त्याच वर्षी बाबासाहेब बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. उठवणारा गेला, पण सवय राहिली. पुढे लंडनमध्ये ब्रिटिश म्युझियमचं ग्रंथालय उघडल्यापासून बंद होईपर्यंत ते तिथं बसत, अर्धपोटी राहत आणि खोलीवर येऊन पुन्हा पहाटेपर्यंत वाचत. १९२३ साली त्यांना डी. एस्सी. मिळाली. म्हणजे ते कायम पहाटे उठणारे होते असं नाही, पुष्कळदा ते झोपतच पहाटे. घड्याळात किती वाजले याला महत्त्व नव्हतं. कुणी मोडणार नाही अशी शांत वेळ त्यांना हवी होती, ती गरिबाला रात्रीच मिळते.

वेळेची किंमत ज्याने अशी मोजली, त्याने ती कामगारालाही मिळवून दिली. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. १९४६ च्या कायद्याने कारखान्यातलं आठवड्याचं काम ५४ तासांवरून ४८ तासांवर आलं. पाळीने राबलेल्या आम्हा लोकांना विचारा, ते सहा तास म्हणजे काय! माणूस घरी येतो, पोराची वही बघतो, सभेला जातो. १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी सिद्धार्थ कॉलेज उघडलं.

अखेरीस मधुमेहाने शरीर पोखरलं, नजर अधू झाली, तरी रात्रीचं काम सुटलं नाही. ५ डिसेंबर १९५६ च्या रात्री दिल्लीत त्यांनी आपल्या बुद्ध आणि धम्मावरील ग्रंथाच्या प्रस्तावनेचे कागद उशाशी मागून घेतले. ६ डिसेंबरची सकाळ त्यांनी पाहिली नाही. ग्रंथ १९५७ साली निघाला.

बंधू-भगिनींनो, जयंतीला मिरवणूक काढावी, जरूर काढावी. पण आजही आपल्या कितीतरी मुलांचं घर एका खोलीचं आहे आणि टी. व्ही. त्याच खोलीत आहे. नुसतं पहाटे ऊठ म्हटल्याने भागणार नाही, ते मूल उठून बसणार कुठे? आमची सूचना साधी आहे. विहाराचं सभागृह पहाटे चार वाजता मुलांसाठी उघडावं, दिवा लावावा आणि किल्ली घेऊन कुणी तरी मोठ्या माणसाने रोज पाळीने जागावं. भीमराव होणं मुलांच्या हाती आहे. निदान आपण रामजी तर होऊ!

जय भीम! नमो बुद्धाय!